पाहुण्याचं नाव कुणाच्या वहीत?



आजचा विषय तसा साधा आहे. आपल्या घरातली एक खोली आपण एकदोन रात्रींसाठी परक्या माणसाला पैसे घेऊन दिली, तर त्यात सरकारने, नगरपालिकेने, पोलिसांनी किती लक्ष घालायचं? जगभरच्या शहरांत यावर सध्या भांडण चालू आहे. न्यूयॉर्कने २०२३च्या सप्टेंबरपासून कडक नियम लागू केले. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर नोंदणी पाहिजे, मालक स्वतः घरात राहिला पाहिजे, आणि पाहुणे दोनच. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ साली जाहीर केलं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ घरांचे परवाने २०२८नंतर पुढे चालू ठेवणार नाही. ॲमस्टरडॅममध्ये वर्षाला जास्तीत जास्त तीसच रात्री घर देता येतं.

तुम्ही म्हणाल, राहुरीला याचं काय? पण आपलं गाव कुठं वसलंय ते बघा. नगर-मनमाड रस्त्यावर. वर शिर्डी, बाजूला नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर. शिर्डीचं दर्शन घेऊन शिंगणापूरला जाणारी गाडी राहुरीवरूनच जाते. १९६८ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आपल्याकडे आहे, म्हणजे विद्यार्थी आले, परीक्षेला येणारी मुलं आणि त्यांचे पालक आले. २०२०मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून शेतावर दोन खोल्या बांधून शहरातल्या माणसाला बोलवावं हा विचार पुष्कळांच्या डोक्यात आहे. आणि २०२७चा नाशिकचा सिंहस्थ तोंडावर आहे. तेव्हा हा प्रश्न न्यूयॉर्कचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्या सवयीमुळे कुठलाही नियम पाहिला की मनात येतं, हा नियम कशाच्या भीतीतून जन्मला? आज आपण तेच करू. परक्या माणसाला घरात ठेवण्यावरचे नियम कुठल्या भीतीतून आले ते इतिहासात शोधू. आणि एका वस्तूवर नजर ठेवू. ती वस्तू म्हणजे वही. पाहुण्याचं नाव लिहून ठेवायची वही. ती कुणाच्या हातात होती, तिच्यात काय लिहीत होते, आणि कुणाचं नाव लिहायला नकार देत होते, एवढं पाहिलं तरी पुष्कळ उलगडा होतो.

सुरुवात जुन्या शब्दापासून करू. अतिथी. मनुस्मृतीत त्याची व्याख्या आहे. जो एकच रात्र राहतो तो अतिथी, कारण त्याचं राहणं कायमचं नाही. म्हणजे ज्याला आज आपण अल्पमुदतीचा मुक्काम म्हणतो, तो त्या शब्दाच्या व्याख्येतच आहे. अतिथी देवासमान, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याच परंपरेत राज्यकारभाराचा एक ग्रंथ आहे, कौटिल्याचं अर्थशास्त्र, आणि तिथे सूर अगदी वेगळा आहे. १९०९ साली शामशास्त्र्यांनी म्हैसूरहून तो प्रसिद्ध केला, पुढे मुंबई विद्यापीठासाठी आपल्या र. पं. कंगल्यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. त्यात नगराच्या अधिकाऱ्याची कामं सांगताना कौटिल्य म्हणतो, धर्मशाळा चालवणाऱ्यांनी येणाऱ्या वाटसरूंची माहिती अधिकाऱ्याला देऊन मग त्यांना ठेवावं. कारागिरांनी आपल्या धंद्यातल्या कारागिरांना आपल्या जागेत ठेवावं, व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांना. आणि साध्या गृहस्थानेसुद्धा घरी कोण आलं, कोण गेलं ते कळवावं. नाही कळवलं आणि त्या रात्री चोरीमारी झाली, तर दोष त्याच्यावर. काहीच घडलं नाही तरी तीन पण दंड.

हा शेवटचा नियम नीट लक्षात घ्या. काही घडलं नाही तरी दंड. म्हणजे गुन्हा चोरीचा नाही, न कळवण्याचा आहे. घरात पाहुणा देव असेल, पण नगराच्या दृष्टीने तो संशयित आहे. या दोन नजरा आपल्याकडे पहिल्यापासून एकत्र नांदत आल्या आहेत. आणि घरमालक दोन्हींच्या मध्ये उभा. एका हाताने पाय धुवायला पाणी द्यायचं, दुसऱ्या हाताने चौकीवर वर्दी द्यायची.

पेशवाईतल्या पुण्यात हीच रीत कोतवालाच्या हाती होती. बाजारभाव बघणं, तंटे सोडवणं यांच्याबरोबर शहरात येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवणं हेही कोतवालीचं काम. त्या अधिकाराचं काय होऊ शकतं हे सांगायला घाशीराम कोतवालाचं उदाहरण पुरेसं आहे. नाटकामुळे ते नाव सगळ्यांना माहीत झालं, पण नाटक बाजूला ठेवून घटना बघा. १७९१ साली दक्षिणेकडून पुण्यात आलेल्या ब्राह्मणांना त्याने रात्री एका अरुंद जागेत कोंडलं. सकाळपर्यंत त्यातले बरेच जण गुदमरून मेले. शहर खवळलं आणि जमावाने घाशीरामाला ठार केलं. मेलेली माणसं कोण होती? परगावचे पाहुणे. शहरात त्यांना ओळखणारं, त्यांच्यासाठी मध्यरात्री जाऊन जाब विचारणारं कुणी नव्हतं. कोतवालीत नोंद असली म्हणजे पाहुण्याचं रक्षण होतंच असं नाही. ती नोंद ठेवणाऱ्यावर कुणाची नजर आहे, यावर ते ठरतं.

त्याच काळात आपल्या जिल्ह्याची एक लेक दुसऱ्याच वाटेने चालली होती. जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या अहिल्याबाई. त्यांनी देशभर घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभ्या केल्या. आज जिल्ह्याला त्यांचं नाव आहे. वाटसरूला निवारा देणं हे राज्यकर्त्याचं कर्तव्य, ही त्यामागची भूमिका. आणि तीर्थक्षेत्री आणखी एक वही होती, कोतवालाच्या वहीपेक्षा निराळी. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. यजमान आला की त्याचं गाव, कूळ, बापाचं आणि आजाचं नाव, कुणाबरोबर आला, कशासाठी आला, हे लिहून ठेवायचं. यजमानाचा मुक्काम पुष्कळदा उपाध्यायांच्याच घरी. नातू पन्नास वर्षांनी गेला तर आजोबांची सही सापडते. त्यात पैशाचा व्यवहार होता, दक्षिणा होती, हे खरंच. ते काही निव्वळ प्रेम नव्हतं. पण त्या वहीत पाहुणा संशयित म्हणून लिहिलेला नाही, पुन्हा येणारा माणूस म्हणून लिहिलेला आहे.

म्हणजे दोन वह्या झाल्या. एक पाळत ठेवणारी, एक ओळख ठेवणारी. आता इंग्रजी राज्यात येऊ.

१८६७ साली सराईंचा कायदा झाला. सराई म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाची इमारत. कायदा छोटा आहे आणि वाचण्यासारखा आहे. सराई चालवणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंद करावी. कुणाला साथीचा रोग झाला किंवा कुणी मेलं तर जवळच्या पोलीस ठाण्यात लगेच कळवावं. तपासणीला येणाऱ्याला आत येऊ द्यावं. खोल्या, ओसऱ्या, गटारं, विहिरी स्वच्छ ठेवाव्यात. चोराला आत शिरता येईल अशा झाडांच्या फांद्या तोडाव्यात. पहारेकरी ठेवावेत. आणि दरपत्रक लावावं. दंड वीस रुपयांपर्यंत.

या यादीत तीन भीती आहेत बघा. चोराची, रोगाची आणि लुबाडणुकीची. फांद्या चोरासाठी, गटारं रोगासाठी, दरपत्रक लुबाडणुकीसाठी. पुढच्या दीडशे वर्षांतले आपल्याकडचे बहुतेक नियम या तीन भीतींचेच वंशज आहेत. आणि एक श्रेय या कायद्याला द्यायला हवं. दरपत्रकाचं कलम पाहुण्याच्या बाजूचं आहे. नियम म्हणजे केवळ पाहुण्यावर नजर नव्हे, पाहुण्यासाठीही नियम असू शकतो, हे त्यात दिसतं.

पण लवकरच रोगाची भीती बाकीच्या दोघींना मागे टाकून पुढे गेली. १८६५ला मक्केच्या यात्रेत पटकीची मोठी साथ आली, ती युरोपात पोचली, आणि १८६६ला कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. तिथे हिंदुस्थानातल्या यात्रांकडे बोट दाखवलं गेलं. मग जगन्नाथपुरीसाठी १८७१चा खास कायदा आला. यात्रेकरूंना घरात ठेवायचं तर परवाना हवा, आणि एका घरात किती माणसं मावतील ते आरोग्य अधिकारी ठरवणार. आजच्या भाषेत सांगायचं तर घरगुती मुक्कामाच्या जागांसाठी एका शहरापुरता केलेला हा परवाना-कायदा. न्यूयॉर्कच्या दीडशे वर्षं आधीचा.

महाराष्ट्रात हा प्रश्न पंढरपुरात उभा राहिला. आषाढीला गावच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणूस येतो. तो मठांत राहतो, वाळवंटात राहतो, आणि घराघरांत राहतो. बडव्यांच्या, उत्पातांच्या वाड्यांत, साध्या माणसांच्या पडवीत. इतिहासकार मंजिरी कामत यांनी १९०८ ते १९१६ या काळातल्या पंढरपूरच्या यात्रेवर आणि सरकारच्या आरोग्याच्या धसक्यावर लिहिलं आहे. पालखी म्हणजे प्लेगची वाहक, अशी त्या काळातली सरकारी नजर. तिच्यात दोष होते, पण भीती खोटी नव्हती. पटकीने माणसं खरोखर मरत होती. दहा माणसांच्या खोलीत पन्नास माणसं झोपली तर काय होतं ते समजायला डॉक्टर लागत नाही.

मात्र भीती खरी असली म्हणून तिच्यावरचा प्रत्येक उपाय योग्य ठरत नाही. हे पुण्याने १८९७ला भोगलं. त्या वर्षी साथरोगांचा कायदा झाला. रँडच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरले. देवघरात, माजघरात, चुलीपाशी. आजारी माणूस लपवलाय का, परगावचा कुणी ठेवलाय का, हे बघायला. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. रोग थोपवायलाच हवा होता, यात शंका नाही. पण उंबरठा ही काय चीज आहे ते त्या सरकारला कळलं नव्हतं. माणूस सराईच्या दारात तपासणी सहन करतो, कारण तो धंदा आहे. स्वतःच्या माजघरात सहन करत नाही. आणि जेव्हा माजघरच धंद्याची जागा होतं, तेव्हा काय करायचं? आजच्या प्रश्नाची अवघड गाठ हीच आहे. तोच १८९७चा कायदा मार्च २०२०मध्ये पुन्हा वापरात आला. गावोगावी वेशीवर बांबू आडवे बांधून स्वतःच्याच पाहुण्यांना परत पाठवलं, ते आपण विसरलेलो नाही.

आतापर्यंत चोर, रोग आणि लुबाडणूक अशा तीन भीती मोजल्या. चौथी एक होती, ती कुठल्याच सरकारी कायद्यात लिहिलेली नव्हती, पण सगळ्यांत कडक पाळली जायची. विटाळाची.

डॉ. आंबेडकर परदेशात शिकून १९१७च्या सुमारास बडोद्यात नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना. ते एका पारशी सराईत गेले. रखवालदार म्हणाला, ही फक्त पारशांसाठी. बाबासाहेबांना पारशी रीतीरिवाज माहीत होते, जागेची गरज होती, आणि रखवालदारालाही चार पैसे हवे होते. ठरलं असं, की वहीत पारशी नाव लिहायचं. दिवसाला दीड रुपया. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस परक्या नावाखाली तिथे राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी आले आणि त्यांना बाहेर काढलं. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

आपल्या विषयाचा हा गाभा आहे असं आम्हाला वाटतं. वही उघडी होती, खोली रिकामी होती, पैसे द्यायची तयारी होती. फक्त खरं नाव लिहिता येत नव्हतं. ज्या नियमात खरं नाव सांगितल्याबद्दल दार बंद होतं, तो नियम माणसाला खोटं बोलायला लावतो, आणि वर खोटं बोलला म्हणून हाकलतो.

पंढरपूरला काय वेगळं होतं? अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला गावातल्या वाड्यात कोण ठेवणार? म्हणून गाडगेबाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. नाशिकला, आळंदीला, देहूला बांधल्या. मुंबईत दवाखान्यात आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी बांधल्या. पंढरपूरची ती धर्मशाळा त्यांनी पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. जातीजातींच्या धर्मशाळा आपल्याकडे भरपूर होत्या. ज्याला कुठलीच धर्मशाळा नाही त्याच्यासाठी धर्मशाळा बांधणारा माणूस मात्र एखादाच. संविधानाच्या पंधराव्या कलमाने हॉटेल आणि उपाहारगृहं सगळ्यांना खुली केली. १९५५च्या कायद्यात तर धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना हे शब्द स्पष्ट आहेत. पण घरातली खोली? ती हॉटेल आहे की घर? आजही ‘तुमचं आडनाव काय’ हा प्रश्न फोनवर पहिला येतो, भाड्याची बोली नंतर होते. तुम्ही सगळ्यांनी तो ऐकला असेल. काहींनी विचारलाही असेल.

आता मुंबई. कारण आपल्या राज्यात भाड्याचे कायदे तिथल्या गरजेतून आले. गिरणगावात कोकणातून, साताऱ्याकडून आलेले कामगार गाळ्यांत राहायचे. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली, पाळीपाळीने झोपायचं, खानावळवालीकडे जेवायचं. ती खानावळ म्हणजे एखाद्या बाईचं घरच. १९७५ला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते अशा बायकांना उभं करण्यासाठी. घरात परक्याला खाऊ घालून, जागा देऊन संसार चालवणं ही आपल्याकडे गरिबाची, विशेषतः बाईची कमाई राहिली आहे. नियम करणाऱ्याने हे विसरता कामा नये.

युद्धाच्या काळात मुंबईत जागांची टंचाई झाली, भाडी भडकली. १९४४ला आणि मग १९४७ला कायदे आले. १९४७च्या कायद्याचं पूर्ण नाव फार कमी लोकांना आठवतं. भाड्याबरोबर हॉटेल आणि लॉजिंग हाउसच्या दरांवरही नियंत्रण ठेवणारा तो कायदा होता. पाहुण्याकडून किती घ्यायचं ते नियंत्रक ठरवणार. सराईच्या दरपत्रकाचा हा मोठा भाऊ. हेतू चांगला होता, भीती खरी होती. पुढे १९७३ला असं झालं की १ फेब्रुवारीला जे परवानगीने, लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूचे हक्क मिळाले. राहणाऱ्यांना ते हवंच होतं. पण घरमालकांच्या मनात धास्ती बसली की एकदा आत घेतलेला माणूस निघायचा नाही. रिकामी घरं कुलपात राहिली, कारण कुलूप सुरक्षित. एका पिढीला दिलेलं संरक्षण पुढच्या पिढीला अडचण झालं. १९९९चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला, तेव्हा हॉटेल-लॉजिंगचे दर त्यातून गेले. आणि पेइंग गेस्ट, हॉटेल, लॉजिंग हाउस, धर्मशाळा यांतला मुक्काम लायसन्सीच्या व्याख्येबाहेर ठेवला. म्हणजे चार रात्रींचा पाहुणा भाडेकरूही नाही आणि लायसन्सीही नाही. त्याच्यासाठी त्या कायद्यात जागाच उरली नाही.

ती जागा कोणी भरली? गोव्याने आधीच, १९८२ला, पर्यटन व्यवसायांच्या नोंदणीचा कायदा केला होता. पैसे घेऊन पर्यटकाला ठेवता ना, मग घर असलं तरी नोंदवा. महाराष्ट्रात पर्यटन खात्याची न्याहारी व निवास योजना आली. कोकणातल्या घरांवर त्या पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. यजमान तिथेच राहणार, मोजक्या खोल्या, घरचं जेवण. ही योजना आम्हाला समजूतदार वाटते, कारण ती घराला घरच मानते आणि तरीही त्याची नोंद ठेवते.

बाकी ठिकाणी काय आहे? पोलिसांचे आदेश आहेत, भाडेकरूची माहिती कळवा म्हणून. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत कळवायचा नियम आहे. हे सगळं कौटिल्याच्या वहीचं पुढचं पान. त्यात आता आधारकार्डाच्या झेरॉक्सची भर पडली. मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका पत्रकात लोकांना सांगितलं गेलं की कुणालाही आधारची प्रत देऊ नका, हॉटेलांना ती घेऊन ठेवायचा अधिकार नाही. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं. पण प्रश्न मागे घेता येत नाही. या झेरॉक्स जातात कुठे? लॉजच्या खणात, रद्दीत, भजी बांधायला.

कोइमतूरचं एक प्रकरण बघा. २०१९मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी अल्पमुदतीने खोल्या देणारी एक जागा सील केली. लग्न न झालेली जोडपी तिथे राहतात, हा एक आक्षेप. मद्रास उच्च न्यायालयाने त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये सांगितलं, अशा दोन सज्ञान माणसांना एकत्र राहायला बंदी करणारा कायदाच नाही. कायदा नसताना संशयावरून टाळं ठोकायचं, ही कोतवालीच.

मंडळी, आता इतकं सगळं मांडल्यावर आजची नवी भीती कोणती ते विचारू. चोर, रोग, लुबाडणूक या जुन्या. न्यूयॉर्क-बार्सिलोनाची भीती या तिघींत बसत नाही. त्यांना भीती आहे शेजार नाहीसा होण्याची. रोज नवा माणूस, रात्री-अपरात्री बॅगांचा आवाज, आणि ज्या घरात कुटुंब राहायचं ते घर कुणी लांबचा मालक मोबाइलवरून चालवतो. स्थानिक माणसाला भाड्याने घर मिळत नाही, कारण महिन्याच्या भाड्याइतके पैसे पाच रात्रींत सुटतात. म्हणून न्यूयॉर्कचा नियम म्हणतो, मालक घरात पाहिजे. एवढंच नाही, पाहुण्याच्या खोलीला आतून कुलूप नको, घर एकच राहिलं पाहिजे. दाराला कुलूप नसण्याचं आपल्याला नवल नाही, शिंगणापूर जवळच आहे. पण तिथलं बिनदाराचं घर श्रद्धेवर उभं आहे आणि न्यूयॉर्कचं कायद्यावर. दोघांचं म्हणणं मात्र एकच आहे. घर म्हणजे जिथे राहणारी माणसं एकमेकांना माहीत आहेत अशी जागा.

इमॅन्युएल कांटने १७९५ला चिरशांतीवरच्या निबंधात एक भेद केला आहे, तो इथे उपयोगी पडतो. परक्याला भेटीचा हक्क आहे, म्हणजे तो आला म्हणून त्याला शत्रूसारखं वागवायचं नाही. पण त्याला पाहुणा म्हणून घरात ठेवून घेण्याचा हक्क नाही, त्यासाठी वेगळा करार लागतो. आम्ही यात एका वाक्याची भर घालू. तो करार दोघांत होत असला तरी भिंतीपलीकडे तिसरा माणूस राहतो, आणि त्याचंही त्यात काही आहे.

शिर्डीचा इतिहास या दृष्टीने पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे भक्तांना उतरायला धड जागा नव्हती. १९०८च्या सुमारास साठेवाडा झाला. १९१० साली मुंबईचे सॉलिसिटर काकासाहेब दीक्षित यांनी वाड्याचा पाया घातला, १९११च्या रामनवमीला तो वापरात आला. नागपूरच्या बुटींचा वाडा पुढे समाधी मंदिर झाला. म्हणजे शिर्डीतला मुक्काम सुरू झाला तो भक्तांनी बांधलेल्या घरांतून. आज तिथे संस्थानची भक्तनिवासं आहेत, शेकडो लॉज आहेत, २०१७पासून विमानतळ आहे. हा बदल शंभर वर्षांत झाला. आपल्याकडे तो दहा वर्षांत होऊ शकतो, आणि झाल्यावर नियम करणं फार अवघड असतं, कारण तोवर त्यात प्रत्येकाचे पैसे अडकलेले असतात.

म्हणून नगरपालिकेपुढे आणि ग्रामपंचायतींपुढे मांडावं असं आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे.

पहिलं, घर आणि घराच्या नावाखाली चालणारा लॉज यांत फरक करा. ज्या घरात मालक किंवा मालकीण स्वतः राहते आणि एकदोन खोल्या देते, तिथे साधी नोंद पुरे. एक पानाचा अर्ज, फी नाममात्र, व्यावसायिक दराची घरपट्टी नको. नवरा गेल्यावर दोन खोल्यांवर घर चालवणारी बाई आणि महामार्गावर बारा खोल्या बांधून पुण्यात राहणारा मालक, यांना एकच नियम लावला तर बाई बुडेल आणि मालक वाट काढेल. आजवरच्या परवान्यांचा इतिहास हाच आहे. जिथे मालक राहत नाही तिथे मात्र लॉजचे सगळे नियम लावा. आग, पाणी, संडास, दरपत्रक आणि रात्री फोन उचलणारा जबाबदार माणूस.

दुसरं, वही ठेवा, पण वहीला मर्यादा घाला. नाव, गाव, फोन, आल्याची आणि गेल्याची तारीख. जात नको, लग्नाचा दाखला नको, झेरॉक्सचा गठ्ठा नको. ठराविक मुदतीनंतर ती नष्ट करा. पोलिसांना पाहायची असेल तर कारण लिहून पाहावी. आणि तपासणी पाहुण्यांच्या खोल्यांची व्हावी, दिवसा, कळवून. माजघराची नाही.

तिसरं, नाव ऐकून दार बंद करणाऱ्याची नोंद रद्द व्हावी. आपलं घर आपलं, कुणाला घ्यायचं ते आपण ठरवू, असं कुणी म्हणेल. नोंद न करता नातेवाइकाला, मित्राला घरात घ्यायचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहेच. पण पाटी लावून, पैसे घेऊन खोली द्यायची ठरवली, की तो दरवाजा सगळ्यांचा झाला. बडोद्याची वही आपल्या गावात नको.

चौथं, शेजाऱ्याला तक्रार करायला एक जागा हवी, आणि ती जागा पोलीस ठाणं असू नये. वॉर्डातच सुटेल अशी तक्रार ठाण्यात गेली की तिचा खटला होतो.

काहींना वाटेल, एवढ्या लहान गावाला एवढे नियम कशाला? त्यावर आमचं उत्तर असं, की आपण नियम केला नाही तर नियमाविना राहू असं नाही. दुसऱ्या कुणाचा नियम चालेल. एखाद्या साथीत घाईने काढलेला आदेश चालेल, एखाद्या गुन्ह्यानंतर आलेला पोलिसांचा फतवा चालेल, किंवा एअरबीएनबीसारख्या कंपनीच्या अटी चालतील, ज्या आपल्यातल्या कुणी वाचल्याही नसतील. भीतीच्या दिवसांत केलेले नियम कसे असतात ते आपण आज पाहिलं. सध्या राहुरीत तशी भीती नाही. शांतपणे बसून चार कलमं लिहायला हा काळ चांगला आहे, आणि सिंहस्थाच्या आधी ती लिहून झाली तर बरं.

आमचं बोलणं संपलं. तुमच्यातल्या ज्यांच्या घरी खोल्या दिल्या जातात त्यांनी आधी बोलावं, कारण उंबरठा त्यांचा आहे. मग शेजाऱ्यांनी बोलावं.